फायनलचं केळवण

फुटबॉलमधलं मला फार कळत नाही. फुटबॉलबद्दल बोलणाऱ्या माणसांचं मात्र चांगलं कळतं, कारण लग्नानंतरची बरीच वर्षं मी त्यांना रोज संध्याकाळी ऐकलं.

ठाण्यात चरईला आमच्या दोन खोल्या होत्या, पहिल्या मजल्यावर. खाली मास्तरांचं बिऱ्हाड. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या दारापुढे लांब ओटा होता आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या ओट्यावर उघडायची. पावसाळ्यात, म्हणजे फुटबॉलच्या दिवसांत, त्या ओट्यावर पत्र्याखाली सात-आठ पुरुष जमत. विषय एकच, गिरणीची टीम.

ठाण्यातल्या एका गिरणीने पगार देऊन ही टीम बाळगली होती. खेळाडू नावाला कामगार. सकाळी खात्यात उभे राहायचे, दुपारी त्यांना लवकर सोडायचे आणि मग मैदान. पगार मागाचा नव्हता, खेळाचा होता, हे गिरणीपासून ओट्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माझा धाकटा भाऊ त्या टीममध्ये हाफबॅक होता. आमचं माहेर कल्याणचं. तिथे मैदानाच्या कडेला वाढलेला मुलगा, अनवाणीच खेळायला शिकला, आणि पोटापाण्यासाठीही शेवटी तेच कामाला आलं. गिरणीत लागल्यावर तो माझ्या बाहेरच्या खोलीत राहायला आला.

पण लागला होता तो बदलीवर. बदली म्हणजे कायमचा माणूस आला नाही तर तुम्ही, आला तर घरी. खेळाडू म्हणून त्याला रोज उभं करायचे एवढंच, उद्या गुडघा मोडला की परवा कोणी ओळख दाखवणार नाही. आम्हा दोघांचं ठरलेलं होतं की तो कायम झाला की ठाण्यातच खोली घ्यायची आणि आईला कल्याणहून आणायचं. आई तिथे काकांच्या घरात राहत होती, आणि कशी राहत होती ते मी इथे लिहीत नाही. त्या वर्षी टीम शिल्डच्या फायनलला पोचली. मॅनेजरने खेळाडूंना बोलावून सांगितलं, शिल्ड आणा, बदलीवरच्या तिघांना कायम करतो. त्या तिघांत माझा भाऊ होता.

फायनल कल्याणला, श्रावणातल्या एका रविवारी, दुपारी. हातात आठवडाभर होता. गिरणीने नवे बूट आणून दिले, कारण समोरची टीम बूट घालून खेळणारी होती आणि चिखलात अनवाणी पायाचा निभाव लागत नाही. टीमला शिकवायला एक निवृत्त हवालदार होता. तो म्हणाला, रोज बूट घालून मैदानात पळा, तेल चोळा, रविवारपर्यंत कातडं नरम व्हायला पाहिजे, नाही तर ते तुम्हाला खाईल. एवढी साधी गोष्ट. रोज संध्याकाळी मैदानात जायचं.

आणि सोमवारी सकाळी मास्तरीणकाकू जिना चढून आल्या. मास्तरांची बायको, प्रेमळ बाई. प्रेमळ बाईला तोंड देणं फार अवघड असतं.

"अगं, आज संध्याकाळी सगळी टीम आमच्याकडे. केळवण करायचं ठरवलंय."

"कुणाचं केळवण?"

"टीमचं! लग्नाआधी करतो तसं. फायनल म्हणजे काय लहान गोष्ट आहे?"

"श्रावणात केळवण?"

"लग्न थोडंच आहे? शिल्ड आहे. त्याला श्रावण चालतो."

"काकू, संध्याकाळी त्यांचा सराव असतो. मॅच झाल्यावर करा ना."

"आणि हरले तर?" त्या अगदी भाबडेपणाने म्हणाल्या. "हरल्यावर कोणी केळवण करतं का?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं. पण ते मोठ्या बाईला देण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी पाटांची रांग मांडली. प्रत्येक ताटाभोवती रांगोळी, प्रत्येकाला ओवाळणं, हातात नारळ. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मठ्ठा. रेशनिंग नुकतंच उठलेलं, साखर हाताला लागत होती, आणि इतकी वर्षं राखून वाढलेल्या हातांना आता धरबंध राहिला नव्हता. भावाने तिसऱ्या पुरीला पानावर आडवा हात धरला. काकूंनी पुरी हाताच्या पंजावर ठेवली आणि वर श्रीखंड वाढलं. सगळे हसले. हवालदार शेजारीच बसलेला. मला वाटलं, हा तरी काही बोलेल. त्याने श्रीखंडाची वाटी पुढे केली.

मास्तरांकडे झालं म्हटल्यावर इतरांना चैन कसं पडणार? मंगळवारी कोपऱ्यावरच्या छापखानेवाल्यांकडे जिलेबी. त्यांच्याकडे सत्यनारायणही घातला, म्हणजे प्रसादाचा शिरा वेगळा. बुधवारी पोस्टातल्या काकांकडे. गुरुवारी खोपटला कुणाकडे, शुक्रवारी पाचपाखाडीला, शनिवारी आणखी कुठे. मैदान रिकामं. बूट घरोघरच्या ओट्यांवर उभे, चकचकीत, आणि लाकडासारखे कडक.

टीमचा सेंटर फॉरवर्ड चेंदणीच्या कोळीवाड्यातला होता. तो गुरुवारी भावाला बोलवायला आला, तेव्हा जिन्यातच उभा राहून मला म्हणाला, "वयनी, चार दिस झालं, नुसता गोड. येक सुका बोंबील तरी दावा कोनी. पायात जीव नाय ऱ्हायला."

"मग जाता कशाला?" मी म्हटलं.

"आन नाय कसा बोलायचा? हातात नारल देतात."

नाही बोलणं कसं असतं ते माझ्या भावाने आदल्या दिवशी करून बघितलं होतं. बुधवारी तो पोस्टातल्या काकांकडे गेलाच नाही. गिरणीतून थेट मैदानावर गेला. तिथे दुसरं कोणी नव्हतं, एकटा बूट घालून चकरा मारत बसला. अंधार पडायला घरी आला तर पोस्टातल्या काकू माझ्या दारात, डोळ्यांना पदर.

"सगळे आले, हा एकटा नाही आला. आमच्या हातचं चालत नाही का ह्याला?"

पाठोपाठ मास्तर वर आले. भावाला उभं करून त्यांनी सुनावलं, "अरे, माणसं तुमच्यासाठी जीव टाकतात. चार घास खायला काय होतं? इतका गर्व बरा नव्हे." माझे यजमान दारात उभे राहून "खरंय, खरंय" म्हणत होते. आमचे हे कोणाच्याही बोलण्याला "खरंय" म्हणत, त्यामुळे ते गावात फार लोकप्रिय होते. भावाने काकूंची क्षमा मागितली आणि त्यांच्या घरी जाऊन एकट्याने बासुंदी खाल्ली.

मग त्याने दुसरा उपाय काढला. जेवून आल्यावर बूट घालून आमच्या बाहेरच्या खोलीतच जागच्या जागी पळायचं. माझ्या फरशीवर खिळ्यांचे ओरखडे पडत होते, पण मी म्हटलं पडू देत, शहाबादी फरशी घासता येते. घटकाभरात खालून मास्तरांनी काठीने छत ठोकलं.

"वर घोडा पाळलाय का?"

"फायनलची तयारी चाललीय!" मी खिडकीतून सांगितलं.

"तयारी मैदानावर करायची! झोपू द्या माणसांना!"

भावाने बूट काढून कोपऱ्यात ठेवले.

रविवारी मॅचच्या दिवशी सकाळी मी त्याला मऊ भात आणि मेतकूट दिलं आणि म्हटलं, आता काही खाऊ नकोस. तेवढ्यात खालून हाक. मास्तरांनी टीमला कल्याणला जाण्याआधी 'घासभर' जेवायला बोलावलं होतं. पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी, आणि शेवटी विडा. मी जिन्यात उभी राहून ते बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी सगळ्यांसमोर बोलले, "मास्तर, दुपारी मॅच आहे." मास्तर हसून म्हणाले, "म्हणूनच तर! रिकाम्या पोटी लढाई होते का?" आणि स्वतःच्या हाताने सेंटर फॉरवर्डच्या पानात आणखी एक पोळी टाकली.

आम्ही सगळे कल्याणला गेलो. बायका आम्ही चौघीच, एका बाकावर छत्र्या घेऊन. मैदान चिखलाने नुसतं लोण्यासारखं झालेलं. सुरुवातीला आमच्यांनी एक गोल केला. ओट्यावरचे सगळे पुरुष उड्या मारत होते, मास्तरांची टोपी चिखलात पडली. मध्यंतर होईपर्यंत मलाही वाटलं, जमलं.

मध्यंतरानंतर आमच्या टीमला जणू कोणी पाटावर बसवलं. पळेनात. सेंटर फॉरवर्ड मैदानाच्या कोपऱ्यात वाकला आणि ओकला. पुरण होतं हे बाकावरून दिसत होतं. मी काकूंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "दृष्ट लागली गं बाई." माझा भाऊ लंगडत होता. त्याच्या दोन्ही टाचांचं कातडं निघालेलं, मोजे लाल झालेले. समोरच्यांनी बरोबरीचा गोल केला. मग भावाने काय केलं, खाली बसून बूट काढले, कडेला भिरकावले आणि अनवाणी उठला. तो बूट काढत होता तेवढ्यात त्यांचा माणूस त्याच्या बाजूने मोकळा सुटला आणि दुसरा गोल झाला. नंतर तो अनवाणी जिवावर उदार होऊन खेळला, घसरला, उठला, पण ते कोणी लक्षात ठेवलं नाही. लक्षात राहिलं ते बूट काढणं.

परतताना मास्तर कुणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, कळलं असावं. मी त्यांच्याबद्दल फारच चांगलं समजत होते.

सोमवारी संध्याकाळी ओटा गच्च भरला. मी कणीक मळत होते आणि भाऊ बाहेरच्या खोलीत टाचांना हळद लावून आडवा पडला होता. त्यालाही सगळं ऐकू येत होतं.

"मी पहिल्यापासून सांगतोय," मास्तर म्हणाले. "कौशल्य आहे. शिस्त नाही. तयारी नाही. शून्य."

"शिस्तीचं सोडा, दम कुठे होता?" पोस्टातले काका. "दुसऱ्या हाफला सगळे असे उभे, जसे काही मनीऑर्डरची वाट बघतायत."

लोक हसले.

"सिनेमे बघतात हो रात्र रात्र," छापखानेवाले म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय."

"कधी?"

"मागच्या वर्षी."

"बघा! आणि आठवडाभर मैदानावर एक जण फिरकला नाही. माझा मेहुणा रोज तिकडून जातो, तो म्हणाला, मैदानात गुरं चरत होती."

"फुकटचा पगार मिळाल्यावर दुसरं काय होणार?"

"आणि ते बूट काढणं! भर फायनलमध्ये! देवळात शिरत होता का?"

ह्याला सगळ्यात मोठा हशा मिळाला. बाहेरच्या खोलीत भावाने कूस बदलल्याचं मला ऐकू आलं. मग मास्तरांचा आवाज खाली गेला, म्हणजे ते गंभीर झाले.

"माझं म्हणणं असं, की उद्या आपण दोघा-तिघांनी मॅनेजरला भेटावं. प्रेक्षक म्हणून आपलं काही कर्तव्य आहे. अशा बेशिस्त पोरांना पोसायचं का, हे गिरणीने ठरवावं."

"खरंय," आमचे हे म्हणाले.

हात तसेच कणकेचे घेऊन मी खाली उतरले. पुरुषांच्या ओट्यावर मी त्याआधी कधी गेले नव्हते. 

"मास्तर, काल दुपारी बारा वाजता टीम कुठे होती?"

"म्हणजे?"

"तुमच्या घरात होती. पुरणपोळ्या खात होती. गेल्या सोमवारीही तुमच्याच घरात. मंगळवारी ह्यांच्याकडे, बुधवारी ह्यांच्याकडे. गुरं चरत होती ते बरोबर, मैदान रिकामंच होतं. कोणी रिकामं केलं?"

पोस्टातले काका ओट्यावरून खाली बघायला लागले. छापखानेवाले म्हणाले, "अहो वहिनी, आम्ही कौतुकाने बोलावलं. ते काय विष होतं का?"

मास्तर मात्र डगमगले नाहीत. गणिताच्या मास्तराला आपलं उत्तर चुकलं असं कधी वाटतच नाही.

"आम्ही प्रेमाने बोलावलं. नाही म्हणणं हे त्यांचं काम होतं. शिस्त म्हणजे दुसरं काय असतं?"

"बुधवारी तो नाही म्हणाला होता. तेव्हा त्याला गर्व झालाय असं सांगायला तुम्हीच वर आला होतात."

"तो माणुसकीचा प्रश्न होता. हा खेळाचा आहे."

"आणि खोलीत बूट घालून पळत होता तेव्हा छत ठोकलंत, तो कसला?"

"झोपेचा," पोस्टातले काका पुटपुटले. सगळ्यांना हसू फुटलं आणि तिथे माझं बोलणं संपलं. ओट्यावर एकदा हशा झाला की त्यानंतर कोणाचं काही ऐकून घ्यायची पद्धत नव्हती. आमचे हे म्हणाले, "अगं, वर जा, मी समजावतो त्यांना." त्यांनी कोणाला काय समजावलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

दुसऱ्या दिवशी मास्तर, पोस्टातले काका आणि छापखानेवाले इस्त्रीचे कपडे घालून मॅनेजरकडे गेले. आमच्या ह्यांनाही न्यायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही गेलात तर आठवडाभर ह्या घरात चूल पेटणार नाही. ह्यांना सर्दी झाली.

परत येताना मास्तर मला जिन्याशी भेटले. म्हणाले, "काळजी करू नका. आम्ही कोणाचं नाव घेतलं नाही. बूट काढणारा हाफबॅक, एवढंच म्हणालो."

शिल्ड आली नव्हती, त्यामुळे कोणी कायम झालं नाही. ते ठरलेलंच होतं आणि त्याबद्दल मी कोणाशी भांडले नसते. पण महिनाअखेरीस बदलीवरच्या दोघांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं. एक कोळीवाड्यातला सेंटर फॉरवर्ड, एक माझा भाऊ. मॅनेजरने मास्तर आणि मंडळींचं ऐकून तसं केलं की त्याच्या मनात आधीच होतं, मला माहीत नाही. ओट्यावर मात्र ते आपल्यामुळे झालं असंच सगळे समजत होते आणि बरेच दिवस त्या समजुतीत खूश होते. "आता बघा कशी शिस्त येते," मास्तर म्हणायचे. पुढच्या वर्षी टीम पहिल्याच फेरीत बाहेर गेली. केळवणाची वेळच आली नाही.

सेंटर फॉरवर्ड बापाच्या होडीवर परत गेला. भावाने बूट गिरणीत जमा केले, एका मॅचला घातलेले, आतून रक्ताचे डाग पडलेले. जमादार म्हणाला, आता हे कुणाला देणार? भाऊ म्हणाला, बघा कोणाला चावत नसतील तर. पावसाळा संपेपर्यंत तो माझ्या बाहेरच्या खोलीत होता. काम शोधायला जायचा आणि यायचा. संध्याकाळी ओटा भरला की तो मागच्या जिन्याने तळ्यावर जाऊन बसायचा. शेवटी कल्याणला खाडीकाठच्या एका लाकडाच्या वखारीत त्याला काम मिळालं, तेव्हा तोच आईकडे गेला. काकांच्या त्याच घरात. ठाण्यात खोली करायची गोष्ट आमच्यापैकी कोणी पुन्हा काढली नाही. फुटबॉलही त्याने पुन्हा खेळला नाही. कल्याणला मैदानाच्या कडेनेच वखारीत जायचा रस्ता होता.

पुढे दोन-तीन वर्षांनी त्याचं लग्न ठरलं. मास्तरीणकाकू जिना चढून वर आल्या.

"अगं, त्याला आणि तुमच्या आईंना घेऊन ये. ह्या वेळी खरंखुरं केळवण."

मी नको म्हणणार होते. भाऊ म्हणाला, "जाऊ या ताई. म्हातारी बाई आहे." त्याच्या स्वभावात राग धरून ठेवणं नव्हतं. तो भाग सगळा माझ्या वाट्याला आला.

पाट मांडले, रांगोळी काढली, ओवाळलं. पुरणपोळीच होती. दुसरी पोळी संपल्यावर भावाने पानावर आडवा हात धरला. काकू पोळी घेऊन उभ्या. पलीकडून मास्तर मोठ्याने म्हणाले, "खा रे, खा! आता कुठे मॅच आहे!"

सगळे हसले. पोस्टातले काका हसले, आमचे हे हसले. आईला काही कळलं नाही तरी तीही हसली. भाऊसुद्धा हसला आणि त्याने हात काढून घेतला.

मी उठले. काकूंच्या हातातली पोळी त्याच्या पानात पडायच्या आत मी ते ताट त्याच्या पुढ्यातून उचललं, भात तसाच, आमटीची वाटी तशीच, आणि मोरीत नेऊन ठेवलं. नवरदेवाचं ताट. केळवणाचं. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"हे काय करतेयस?" आमचे हे म्हणाले.

"तो नाही म्हणतोय," मी म्हटलं. "एकदा तरी ऐका."

 भाऊ आधी माझ्याकडे आणि मग मास्तरांकडे बघत राहिला. मग उठला, मोरीवर येऊन हात धुतले आणि आईला चप्पल पुढे करून दिली. आम्ही तिघं ओटा उतरलो. आमचे हे विडा घ्यायला मागे थांबले.